थकवा पळवणारं फळ



क्रीडास्पर्धा जवळ आल्या, की मैदानावर खेळाइतकीच आणखी एका विषयाची चर्चा रंगते. काय खाल्लं म्हणजे दम वाढतो? एकजण म्हणतो, ग्लुकोज. दुसरी म्हणते, "छे! आमची आजी खारकेचं दूध देते." तिसऱ्याच्या दप्तरातून हळूच एक कागदाची पुडी बाहेर येते. "अश्वगंधा आहे, बाई. बाबांनी आणलीय. ही घेतल्यापासून मी दोन फेऱ्या जास्त मारतो." आणि खरंच, तो दोन फेऱ्या जास्त मारूनही दाखवतो!

मग आता सांगा पाहू, त्या जास्तीच्या दोन फेऱ्या पुडीने मारल्या, की त्याच्या पायांनी?

हसलात ना? पण हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही बरं का. भल्याभल्या शास्त्रज्ञांनाही तो सोडवायला घाम गाळावा लागला आहे. आपल्या या पानाचं नावच मुळी 'कशावरून?' तेव्हा आज हाच प्रश्न घेऊ या. अमुक एक वनस्पती थकवा घालवते असं कुणी म्हणालं, तर ते खरं कशावरून?

चला तर, त्यासाठी आधी एका डोंगरावर जाऊ.

काणींचं गुपित

आपल्या सह्याद्रीची रांग महाराष्ट्रात संपत नाही. गोवा, कर्नाटक मागे टाकत पश्चिम घाट म्हणून ती थेट केरळच्या दक्षिण टोकापर्यंत जाते. तिथे तिरुवनंतपुरम जिल्ह्यात, तमिळनाडूच्या सीमेवर अगस्त्यकूडम नावाचं शिखर आहे. उंची १८६८ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही २२२ मीटर जास्त! या डोंगरातल्या दाट जंगलात काणी नावाचे आदिवासी राहतात.

१९८७ सालच्या डिसेंबर महिन्यात शास्त्रज्ञांची एक तुकडी हा डोंगर चढत होती. डॉ. पी. पुष्पांगदन तिचे प्रमुख होते. भारतभरच्या आदिवासींना झाडापाल्याची जी माहिती आहे, ती नोंदवून ठेवण्याचा एक मोठा प्रकल्प तेव्हा चालू होता. त्याच कामासाठी ही मंडळी आली होती. वाट दाखवायला बरोबर काणी तरुण होते.

चढ उभा. शास्त्रज्ञांची पार दमछाक झाली. पाय उचलेनात. पण वाटाडे मात्र ताजेतवाने! मध्येच ते खिशातून कसलीशी बारीक फळं काढून तोंडात टाकत होते. त्यांनी ती फळं या थकलेल्या पाहुण्यांनाही दिली. पाहुण्यांनी खाल्ली आणि थोड्या वेळाने त्यांना वाटलं, अरे, अंगात तरतरी आली की!

साहजिकच शास्त्रज्ञांनी विचारलं, ही फळं कशाची? वाटाडे गप्प. कारण ते होतं काणींचं गुपित. वाडवडिलांपासून चालत आलेलं, बाहेरच्यांना न सांगायचं. या माहितीचा गैरवापर होणार नाही, असा शब्द शास्त्रज्ञांनी दिला. बऱ्याच विनवण्या झाल्या. तेव्हा कुठे मल्लन काणी आणि कुट्टीमाथन काणी या वाटाड्यांनी ते झाड दाखवलं.

झाड कसलं, जमिनीलगत वाढणारं छोटंसं रोपटं ते! ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत उगवणारं. पानं हृदयाच्या आकाराची. त्याचं नाव 'आरोग्यपच्चा'. 'आरोग्य' तर आपल्याला माहीतच आहे आणि मल्याळम भाषेत 'पच्च' म्हणजे हिरवं. आरोग्य देणारी हिरवाई! शास्त्रज्ञांच्या वहीत तिचं नाव 'ट्रायकोपस झेलॅनिकस'. आपण उपासाला कोनफळ उकडून खातो ना, त्याच कुळातली ही वनस्पती.

तरतरी आली, पण कशावरून?

आता इथे जरा थांबा. तुम्ही त्या तुकडीत असतात, तर काय केलं असतं? "वा! थकवा घालवणारं फळ सापडलं!" असं म्हणून पेपरात बातमी दिली असती?

त्या शास्त्रज्ञांनी तसं केलं नाही. त्यांना स्वतःला तरतरी वाटली होती, तरीही नाही. कारण तरतरी यायला इतरही कारणं असू शकतात. फळं खायला ते थांबले, म्हणजे विसावा मिळाला. पोटात काहीतरी गेलं. डोंगरावरचा गार वारा लागला. शिवाय "हे खाल्लं की थकवा जातो" असं समोरच्याने सांगितलं, की अर्धा थकवा तिथेच पळतो! आई गुडघ्यावर फुंकर घालते, तेव्हा दुखणं कमी होतं ना? तसंच हे.

आणि काणी मुळात काटक. रोज डोंगर चढणारे. ते थकले नाहीत ते फळामुळे, की सवयीमुळे?

याचा अर्थ काणी खोटं बोलत होते असा मुळीच नाही हं. पिढ्यानपिढ्यांचा अनुभव ही फार मोठी गोष्ट आहे. कुठल्या झाडाकडे पाहायचं हे त्या अनुभवानेच सांगितलं. नाहीतर त्या जंगलातल्या असंख्य वनस्पतींतून हे एवढंसं रोपटं शास्त्रज्ञांना कधी सापडणार होतं? पण अनुभव दार दाखवतो. दारापलीकडे काय आहे, ते आत जाऊनच पाहावं लागतं.

शरीराचा ताण

आत जाण्याआधी एक शब्द समजून घेऊ. 'ताण'. परीक्षेचा ताण तुम्हाला चांगलाच ठाऊक आहे! पण शरीरालाही ताण येतो. कडाक्याची थंडी, भूक, जागरण, जखम, खूप धावपळ, हे सगळे शरीराचे ताणच.

हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवर प्रयोग करून एक गमतीची गोष्ट दाखवली. ताण कुठलाही असो, थंडीचा, दुखापतीचा की अतिश्रमाचा, शरीर त्याला बरंचसं सारख्याच पद्धतीने तोंड देतं. आधी ते दचकतं, धोक्याची घंटा वाजवतं. मग कंबर कसून टिकाव धरतं. आणि ताण संपलाच नाही, तर शेवटी हात टेकतं. दचकणं, टिकणं आणि थकणं अशा या तीन पायऱ्या.

मग काहींच्या मनात आलं, ही मधली 'टिकण्याची' पायरी लांबवणारं एखादं औषध असेल का? १९४७ साली सोव्हिएत संघातल्या निकोलाय लाझारेव यांनी अशा पदार्थांसाठी एक शब्द काढला, 'ॲडॅप्टोजेन'. म्हणजे ताणाशी जुळवून घ्यायला शरीराला मदत करणारा पदार्थ. चीन-कोरियाची जिनसेंग, आपली अश्वगंधा यांची नावं या यादीत घेतली जाऊ लागली. काणींची आरोग्यपच्चा या यादीत बसते का, हे आता पाहायचं होतं.

पोहणारे उंदीर

थकवा मोजायचा कसा? तो काही वजनकाट्यावर ठेवता येत नाही, की पट्टीने मोजता येत नाही. मग शास्त्रज्ञ थकवा सोडून देतात आणि थकायला किती वेळ लागला, तो वेळ मोजतात.

प्रयोगशाळेतली एक जुनी पद्धत अशी. पांढऱ्या उंदरांचे दोन गट करायचे. एका गटाला वनस्पतीचं औषध द्यायचं, दुसऱ्याला नुसतं पाणी. मग एकेका उंदराला पाण्यात सोडायचं आणि तो दमेपर्यंत किती वेळ पोहतो, ते घड्याळ लावून पाहायचं.

(बिचारे उंदीर! असं तुमच्या मनात आलं असेल, तर ते बरोबरच आहे. म्हणूनच आपल्या देशात प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी समितीची परवानगी घ्यावी लागते. प्रयोग खरोखर गरजेचा आहे का, हे तिथे विचारतात.)

आरोग्यपच्चाच्या बियांची अशी तपासणी झाली आणि १९८९ साली ती छापून आली. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ या कामात होते. पुढे केरळमधल्या संशोधकांचेही उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा, की ज्या उंदरांना ही वनस्पती दिली होती, ते नुसतं पाणी प्यालेल्या उंदरांपेक्षा जास्त वेळ पोहले.

म्हणजे काणींचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं!

पण आपण 'कशावरून?'वाले. आपण इथेही थांबत नाही. पोहायचं थांबलेला उंदीर दमलाच होता, हे कशावरून? कदाचित त्याच्या लक्षात आलं असेल, की हातपाय न मारताही तरंगता येतं! तो दमलेला नसेल, शहाणा झाला असेल! खरोखरच, या पोहण्याच्या चाचणीवर शास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहेत. आणि दुसरं म्हणजे, उंदीर म्हणजे काही माणूस नव्हे. उंदराला जे लागू पडतं, ते आपल्याला पडेलच असं नाही.

मग माणसांवर तपासायचं कसं? त्यासाठी आपण आरोग्यपच्चाच्या जोडीदारणीकडे वळू. हो, जोडीदारीणच! कारण केरळमध्ये पुढे आरोग्यपच्चापासून 'जीवनी' नावाचं औषध तयार झालं. त्यात आरोग्यपच्चाच्या पानांबरोबर आणखी तीन वनस्पती होत्या आणि त्यांतली एक होती आपल्या दप्तरातल्या पुडीतली अश्वगंधा.

गडी वाटून घ्या, डोळे बांधा!

अश्वगंधा म्हणजे आपली आसंध. मुळाला घोड्यासारखा वास येतो, म्हणून अश्वगंधा. तिने ताकद वाढते हे तपासायचं ठरवलं, तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तिन्ही तुम्हाला खेळातून माहीत आहेत.

पहिली गोष्ट, समोर दुसरा संघ हवा. एकटाच धावला आणि म्हणाला "मी पहिला आलो!" तर आपण हसू. तसंच औषध घेतलेल्यांशी तुलना करायला औषध न घेतलेलेही हवेत.

दुसरी गोष्ट, गडी नीट वाटायला हवेत. कबड्डीत सगळे तगडे गडी एकाच संघात घेतले, तर त्या विजयाला काय अर्थ? म्हणून कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आवडनिवड नाही, ओळखपाळख नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गमतीची. आंधळी कोशिंबीर! औषध न घेणाऱ्या गटालाही गोळी द्यायची, पण लुटुपुटूची. दिसायला अगदी तशीच, आत मात्र औषध नाही. कुणाला खरी मिळाली आणि कुणाला लुटुपुटूची, हे घेणाऱ्याला माहीत नाही आणि मोजणाऱ्यालाही माहीत नाही. सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी! प्रयोग संपला, की मगच यादी उघडायची.

मोजणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी कशाला, असं विचाराल. अहो, आपल्या लाडक्या मित्राची लांब उडी मोजताना टेप जरा सैल धरला जातोच की नाही? खरं सांगा!

२६ किलोंची गंमत

अशा पद्धतीचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५७ पुरुषांनी भाग घेतला. वय १८ ते ५०. वजन उचलण्याच्या व्यायामाची फारशी सवय नसलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाने रोज दोन वेळा अश्वगंधेच्या मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क घेतला. दुसऱ्या गटाने तेवढाच स्टार्च, म्हणजे पिठासारखी भुकटी. दोन्ही गटांनी ८ आठवडे सारखाच व्यायाम केला.

मग मोजणी झाली. बाकावर उताणं झोपून छातीवरून वजन वर ढकलायचं. सुरुवातीपेक्षा आता किती किलो जास्त ढकलता येतं?

अश्वगंधेचा गट सरासरी सुमारे ४६ किलो जास्त.

पिठाचा गट सरासरी सुमारे २६ किलो जास्त.

आता हे दोन आकडे नीट पाहा. घाईघाईत वाचणारा म्हणेल, "अश्वगंधेने ४६ किलो ताकद वाढली!" चूक! पिठाच्या गटाचीही २६ किलो वाढली ना? मग हे २६ किलो कुणी दिले? पिठाने? छट्! ते दिले ८ आठवड्यांच्या व्यायामाने, सरावाने आणि वजन कसं उचलायचं ते शिकल्याने. अश्वगंधेच्या खात्यावर फार तर मधला फरक मांडता येईल. ४६ वजा २६. वीस किलो.

दुसरा संघ नसता, तर ते २६ किलोही अश्वगंधेच्या नावावर गेले असते. पटलं ना, दुसरा संघ कशासाठी हवा ते? आणि वर्गातल्या त्या दोन फेऱ्यांचं काय? पुडी सुरू झाली, त्याच दिवसांत स्पर्धेचा सरावही सुरू झाला होता. दोन्हींचं श्रेय एकट्या पुडीला कसं द्यायचं?

तरी वीस किलोंचा फरक काही थोडाथोडका नाही. म्हणजे अश्वगंधेत काहीतरी दम असावा. पण ५७ म्हणजे फार लहान मेळावा. आपल्या एका वर्गात कधीकधी तेवढी मुलं असतात! एकाच प्रयोगावर विसंबून चालत नाही. दुसऱ्यांनी, दुसऱ्या गावी, जास्त लोकांवर पुन्हा करून पाहिला आणि तेच उत्तर आलं, तर विश्वास वाढतो. गणिताचा ताळा करतो ना आपण? तसाच हा शास्त्रातला ताळा. प्रयोगाचा खर्च कुणी केला, हेही विचारायचं. औषध विकणाऱ्यानेच केला असेल, तर ताळा दोनदा करायचा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. त्या ५७ जणांत कोण होतं? १८ वर्षांवरचे पुरुष. तुमच्या वयाचा एकही मुलगा नव्हता, एकही मुलगी नव्हती. मग त्याचं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं कसं लागू पडेल?

औषध आहे म्हटल्यावर त्याची दुसरी बाजूही तपासावी लागते. २०२० साली आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून ५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. अश्वगंधा असलेली उत्पादनं घेतल्यानंतर त्यांना कावीळ झाली होती, यकृताला इजा झाली होती. असं क्वचितच होतं, पण होऊ शकतं. 'झाडपाल्याचं औषध आहे, त्याने काय होतंय?' या वाक्यालाही आपला प्रश्न विचारायचा, कशावरून?

आणि कुणाकडून?

आता पुन्हा त्या डोंगरावर जाऊ. कारण काणींची गोष्ट अजून अर्धीच झाली आहे.

तिरुवनंतपुरमजवळ पालोड इथे वनस्पतींवर संशोधन करणारी एक मोठी संस्था आणि बाग आहे. डॉ. पुष्पांगदन पुढे तिचे संचालक झाले. तिथेच 'जीवनी' औषध तयार झालं. त्यात फळांऐवजी पानं वापरली. पानं खुडली तरी रोप जगतं आणि पुन्हा पानं येतात.

१९९५ साली हे औषध बनवण्याची परवानगी कोइंबतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला ७ वर्षांसाठी दिली गेली. त्यासाठी कंपनीने १० लाख रुपये द्यायचे आणि विक्रीवर २ टक्के रक्कम वेगळी द्यायची, असं ठरलं. आणि संस्थेने काय ठरवलं माहीत आहे? या पैशातला निम्मा वाटा काणींचा! कारण पहिलं पाऊल त्यांचं होतं. त्यांनी झाड दाखवलं नसतं, तर प्रयोगशाळा काय तपासणार होती?

पैसे ठेवायचे कुठे? त्यासाठी १९९७ साली काणींचा एक विश्वस्त निधी स्थापन झाला आणि १९९९ साली पहिली मोठी रक्कम त्याच्याकडे आली. ज्यांचं ज्ञान त्यांना वाटा, असं जगात तेव्हा क्वचितच घडत होतं. म्हणून या कामाची दखल संयुक्त राष्ट्रांनीही घेतली.

पण सगळं गोडगोड झालं असं समजू नका. काणींच्याच काही वैद्यांनी विचारलं, हे गुपित सगळ्या समाजाचं होतं, मग दोघातिघांनी ते सांगून टाकायचं, हे कसं? रास्त प्रश्न होता. पुढे झाडाला भाव येतोय म्हटल्यावर जंगलातली रोपं चोरून उपटून नेणारेही निघाले. मग वनखात्याने अडवणूक केली आणि लागवड करून पानं विकणं काणींनाही अवघड झालं. चांगलं करायला गेलं, तरी वाटेत असे खाचखळगे असतातच.

२००२ साली भारताने जैवविविधतेचा कायदा केला. आपल्या वनस्पती आणि त्यांबद्दलचं लोकांचं ज्ञान कुणी वापरून नफा कमावला, तर त्यातला वाटा त्या लोकांना मिळायला हवा, असं तो कायदा सांगतो. काणींची गोष्ट त्याच्याही आधीची.

म्हणून मुलांनो, आजपासून एकाच्या जागी दोन प्रश्न. 'कशावरून?' आणि 'कुणाकडून?' पहिला प्रश्न विचारला नाही, तर आपण फसतो. दुसरा विचारला नाही, तर आपण दुसऱ्याला फसवतो. आजीने सांगितलेला काढा असो की आदिवासींनी दाखवलेलं फळ, ते नीट तपासून पाहणं म्हणजे त्यांचा अपमान नव्हे. त्यांचं म्हणणं आपण मनावर घेतलं, असा त्याचा अर्थ. मात्र तपासून झाल्यावर त्यांचं नाव पुसायचं नाही!

करून पाहा

आता थोडा घाम गाळा! या प्रयोगाला कसलंही औषध, पावडर, गोळी लागत नाही. एक दोरी आणि एक घड्याळ पुरे. (ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी मोजणीचं काम घ्यावं. तेही तितकंच मोलाचं.)

१. रोज एकाच वेळी, जेवणानंतर लगेच नव्हे, एक मिनिट दोरीवरच्या उड्या मारा. आकडा वहीत लिहा. असं ५ दिवस करा.

२. पाचही आकडे ओळीने मांडा. काहीही विशेष न खाता ते वाढले का? एखाद्या दिवशी कमी झाले का? त्या दिवशी झोप कमी झाली होती का?

३. सहाव्या दिवशी दहा मुलं जमवा. चिठ्ठ्या टाकून पाच-पाचचे दोन गट करा. एका गटातल्या प्रत्येकाला वर्गात नेऊन सगळ्यांनी सांगायचं, "आज तुझ्या उड्या नक्की वाढणार!" दुसऱ्या गटातल्या मुलांना वर्गात न्यायचं, पण काहीच सांगायचं नाही. मग एकेकाला मैदानावर पाठवायचं. तिथे मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे कळता कामा नये. झाली की नाही आंधळी कोशिंबीर!

४. प्रत्येकाच्या सहाव्या दिवसाच्या आकड्यातून पाचव्या दिवसाचा आकडा वजा करा. गटाची सरासरी काढा. शाबासकीच्या गोळीने फरक पडला का?

उत्तर 'नाही' आलं तरी खोडरबर हातात घ्यायचं नाही. आला तो आकडा खरा. कोण जिंकलं, यापेक्षा आकडे खरे लिहिले का, याला इथे मोल आहे.

पालकांसाठी थोडंसं

मूल खेळात मागे पडतं किंवा लवकर दमतं, म्हणून अनेक घरांत ताकदीच्या पावडरी आणल्या जातात. त्यामागची माया कळते. पण मोठ्यांवर झालेल्या चाचण्यांच्या जोरावर मुलांना औषधी वनस्पती आपल्या मनाने देऊ नयेत. द्यायचीच असेल, तर आधी जाणकार वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारावं आणि मूल आणखी कोणती औषधं घेतं, तेही सांगावं.

सतत थकवा हे आजाराचंही लक्षण असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींच्या रक्तात लाल घटक कमी आढळला. अशा मुलीला पावडर देत बसलो, तर दुखणं तसंच राहतं आणि मोलाचे महिने वाया जातात. रक्ताची साधी तपासणी केली, तर कारण लवकर कळतं. बाकी वेळेवर झोप, पोटभर सकस जेवण, मधल्या सुट्टीत मूठभर शेंगदाणे आणि गूळ आणि रोज तासभर मोकळं मैदान, एवढं तर आपल्या हातात आहेच.

मुलांनो, तुमचे उड्यांचे आकडे पत्राने जरूर कळवा. सोबत आणखी एक काम. तुमच्या घरी किंवा गावात थकव्यावर कोणती वनस्पती वापरतात, ते विचारून लिहा. तिचं नाव लिहाल, तेव्हा खाली ही माहिती कुणाकडून मिळाली, तेही लिहायला विसरू नका.

तुमच्या बाई